हुकूमनामा हाती, पैसा दूरच

भागीदारी मोडल्यावर बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा किती आणि तो वसूल कसा करायचा, या दोन्ही प्रश्नांत भारतीय कायदा धंद्याचा ताबा ज्याच्याकडे राहिला त्यालाच नकळत झुकते माप देतो. हिशेब न मिटवता उरलेल्या भागीदारांनी फर्मच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर 1932 च्या भागीदारी अधिनियमाचे कलम 37, वेगळा करार नसल्यास, निवृत्त भागीदाराला अथवा मृताच्या वारसांना दोन पर्याय देते : हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा, नाही तर त्यावर दरसाल 6 टक्के व्याज. नफा सिद्ध करायला वह्या लागतात आणि त्या प्रतिवादीच्याच कपाटात असतात. मग व्याजावर समाधान मानावे लागते, आणि इतक्या स्वस्तात भांडवल मिळत असेल तर दावा लवकर संपावा असे प्रतिवादीला का वाटावे? सूक्ष्म वा लघुउद्योगाचे बिल थकवणाऱ्यावर मात्र 2006 चा कायदा बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावतो.

दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग बहुधा कोर्ट कमिशनर हिशेब तपासतो, त्यानंतर अंतिम हुकूमनामा, आणि पैसे तरीही न मिळाल्यास दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी जप्ती-लिलावाची स्वतंत्र कार्यवाही. पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच नोंदवले होते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आकडे मागवले, तेव्हा देशभर सर्व प्रकारच्या सुमारे 8.82 लाख दरखास्ती प्रलंबित निघाल्या आणि त्यांतल्या जवळपास 3.41 लाख मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या होत्या. महाराष्ट्राला हा पहिला क्रमांक शोभणारा नाही.

2021 च्याच निकालाने एक उपाय हाती दिला आहे, पण त्याची चर्चा सहा महिन्यांच्या मुदतीइतकी झाली नाही : पैशाच्या दाव्यात वादमुद्दे काढण्यापूर्वीच प्रतिवादीकडून मालमत्तेचे शपथपत्र घेता येते आणि योग्य प्रकरणी पुढे कधीही तारण मागता येते. भागीदारीच्या हिशेबाच्या दाव्यांतही हाच मार्ग सुरुवातीपासून अवलंबावा, वह्यांच्या प्रती पहिल्याच तारखांना न्यायालयात जमा करून घ्याव्यात आणि प्रतिवादीला मान्य असलेली रक्कम लगेच भरायला लावावी. 6 टक्क्यांचा दर बदलण्याचे काम मात्र कायदेमंडळालाच करावे लागेल.