‘क्वेल’ लिहिताय? आधी कर्म तपासा

इंग्रजी निबंधाला वजन यावे म्हणून ‘कंट्रोल’ खोडून ‘क्वेल’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर जास्तच. शब्द चांगला आहे, पण त्याच्यापुढे कोणते कर्म येते यावर सगळे अवलंबून आहे.

‘क्वेल’ म्हणजे उसळलेले काहीतरी शमवणे किंवा मोडून काढणे. दंगल, बंड, उठाव ‘क्वेल’ होतात. भीती, शंका, अफवासुद्धा होतात. मराठीत दंगल आटोक्यात आणतात, बंड मोडून काढतात, शंका दूर करतात. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी हा एकच शब्द चालतो. चोराला मात्र पोलीस ‘क्वेल’ करत नाहीत. झटापट करून त्याला काबूत आणले, तर ‘ओव्हरपॉवर’ किंवा ‘सबड्यू’ लिहावे.

खरा गोंधळ शेजारच्या शब्दांनी होतो. तहान ‘क्वेंच’ होते. हायकोर्ट एफआयआर ‘क्वॉश’ करते, म्हणजे रद्द करते. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली. गंमत म्हणजे बंडाला ‘क्वॉश’ चालते, पण एफआयआरला ‘क्वेल’ अजिबात नाही.

एवढ्यावर व्याकरण संपते. माझा आक्षेप पुढे आहे. ‘क्वेल’ ऐकायला सौम्य वाटतो, पण जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ ठार मारणे असा होता. आजही या शब्दात बळाचा वापर बहुधा गृहीत असतो. शिवाय आधी काहीतरी भडकले होते, हेही तो न सांगता सांगून जातो. १८५७ला ‘म्युटिनी’ म्हणणाऱ्यांना ती ‘क्वेल’ झाली असे लिहिणे सोपे होते. तेच स्वातंत्र्ययुद्ध मानणाऱ्याच्या लेखणीला इथे अडखळायला हवे.

म्हणून ‘पोलिसांनी आंदोलन क्वेल केले’ असे लिहिण्याआधी तिथे काय घडले ते पाहावे. दगडफेक, जाळपोळ झाली असेल तर शब्द बरोबर आहे. लोक रस्त्याकडेला शांतपणे धरणे धरून बसले होते आणि त्यांना उचलून गाडीत घातले, तर ‘रिमूव्ह्ड’ किंवा ‘डिटेन्ड’ लिहावे. ‘क्वेल’ लिहिले, तर त्या लोकांवर दंगलीचा आरोप बातमीदारानेच ठेवला असे होते.