कीर्द, खतावणी आणि माहितीचे कोठार

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील आपल्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी या वह्या नेहमी वेगळ्या ठेवल्या गेल्या. कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खातेनिहाय मांडले जातात. पहिली वही लिहिण्याच्या सोयीची, दुसरी विचारण्याच्या सोयीची. संगणकशास्त्रातील ‘डेटा वेअरहाउस’, म्हणजेच माहितीचे कोठार, याच तत्त्वावर उभे आहे. बिल इनमन यांनी १९९२ साली आणि राल्फ किंबॉल यांनी १९९६ साली ग्रंथ लिहून त्याचे शास्त्र मांडले.

याची गरज केवळ मोठ्या कंपन्यांना आहे, असे समजू नये. घाऊक दुकानात दिवसाला ३०० बिले, प्रत्येक बिलात ५ ओळी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला ४,५०,००० ओळी होतात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे अडीच वर्षांच्या आत पान भरते. दहा वर्षांचा प्रश्न बिलाच्याच संगणकाला विचारला, तर गल्ल्यासमोर गिऱ्हाईक ताटकळते. म्हणून कोठार वेगळे असावे आणि दिवसाच्या नोंदी रात्री त्यात उतरवाव्यात.

मोंढ्यात माल आला की तो उतरतो, निवडला जातो, वजन होते आणि मगच थप्पी लागते. माहितीचेही तसेच आहे. कापूस क्विंटलने, रुई सुमारे ३५६ किलोच्या खंडीने आणि गाठ १७० किलोची. ही मापे एका मापात आणल्याशिवाय बेरीज व्यर्थ होय. एकाच गिऱ्हाइकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असेल, तर तेही येथेच एक करावे. मात्र मूळ नोंद पुसू नये.

त्यानंतर मांडणी. मधोमध व्यवहारांचा तक्ता असतो: बिलाची प्रत्येक ओळ, नग आणि रक्कम. भोवती गिऱ्हाईक, वस्तू, गाव व तारीख यांचे छोटे तक्ते असतात. या चांदणीसारख्या रचनेला ‘स्टार स्कीमा’ म्हणतात. नोंद किती बारीक ठेवायची, हे आरंभीच ठरवावे. केवळ दिवसाची बेरीज साठवली, तर कोणती वस्तू कोणत्या गावी गेली, हे पुढे कधीच कळणार नाही. नोंदी फार वाढल्या की महिन्यानुसार कप्पे पाडावेत, म्हणजे दिवाळीच्या विक्रीसाठी सारे कोठार उपसावे लागत नाही.

खरी कसोटी मात्र बदल जपण्याची आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमतच्या गिऱ्हाइकाचा जिल्हा संगणकात एका फटक्यात बदलला, तर त्याची १९९५ ची खरेदी तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या जिल्ह्यात दिसू लागते. योग्य रीत अशी: जुन्या ओळीला ‘येथपर्यंत’ची तारीख घालून ती बंद करावी आणि नवी ओळ उघडावी. वडिलांची पेढी मुलाकडे जाते, तेव्हाही हेच करावे. नाव नुसते बदलले, तर वडिलांची वीस वर्षांची चोख पत मुलाच्या थकबाकीत बुडते किंवा त्यांच्या पुण्याईवर मुलाला नको तितकी उधारी मिळते.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, गणली आहे. जुनी नोंद खोडून तिच्यावर आजचे सत्य लिहिणे हेतूने खोटे नसेलही. परिणामाने ते तेथेच पोहोचते. परिग्रह-परिमाणही येथे स्मरावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तेवढे आणि धंद्याच्या प्रश्नांना लागेल तेवढे ठेवावे. गिऱ्हाइकाच्या घरची अनावश्यक माहिती साठवू नये.

यंत्र घेण्यापूर्वी घरातील तीन पिढ्यांनी एकत्र बसून, कोठाराला विचारावयाचे दहा प्रश्न कागदावर लिहावेत. कोणत्या गावची उधारी कापूस विकल्यावर येते आणि कोणाला थोडी मुदत दिली की तो कधी बुडवत नाही, हे आज बहुधा आजोबांच्याच स्मरणात आहे. ते नोंदीत उतरेपर्यंत कोठार अपुरेच राहील.