भाड्याचे पॉइंट

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात डिस्ने कंपनीने १९९१ साली सुट्टीतील निवासाचे हक्क विकावयास प्रारंभ केला. सभासदाच्या पदरी दरवर्षी ठराविक पॉइंट पडतात. पहिल्या निवासस्थानापुरती त्यांची मूळ मुदत २०४२ पर्यंत आहे. सभासद तेथे जावो वा न जावो, वार्षिक देखभालखर्च त्याला चुकत नाही. आणि पॉइंट तर नाशवंत, मंडईतील संध्याकाळच्या भाजीसारखे! वेळीच पुढील वर्षात न वळविल्यास ते बुडतात. साहजिकच सभासद ते अनोळखी प्रवाशास कंपनीच्या दराहून पुष्कळ स्वस्तात भाड्याने देतो. यात गैर काही नाही.

मात्र आरक्षण सभासदच करतो. ते बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकारही त्याच्याच हाती उरतो. पैसे मोजणाऱ्याचा कंपनीशी कसलाही करार नसतो. सभासदाने देखभालखर्च थकविला, तर प्रवाशाचा मुक्काम धोक्यात येतो. जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी ॲकरलॉफ यांनी १९७० साली जे दाखविले तेच येथे घडते : विकणाऱ्यास ठाऊक असलेले घेणाऱ्यास ठाऊक नसते. लेकीकडे अमेरिकेस निघालेल्या आमच्या मध्यमवर्गीय बांधवांनी आधी लेखी करार मागावा आणि निम्मी रक्कम तरी मुक्कामाच्या तोंडावर देण्याचा आग्रह धरावा. सभासद कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.