मोजपट्टी चुकली, तर लहरही फसवते

हृदयशस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागातील निवडक रुग्णांच्या फुप्फुस-धमनीत टोकाशी फुगा असलेली एक बारीक नळी ठेवली जाते. जेरेमी स्वान आणि विल्यम गान्झ यांनी १९७० मध्ये ती वैद्यकविश्वापुढे मांडली. नळी कुणाला घालावी, यावर पुष्कळ वाद झाले; तिची लहर ज्या मॉनिटरवर उमटते, त्याची मांडणी मात्र किरकोळ तांत्रिक बाब समजली जाते. हा समज घातक आहे.

साधा हिशेब पाहावा. फुप्फुस-धमनीतील दाब २५/१० मिमी पारा असेल, तर लहरीची उंची १५ भरते. मनगटाच्या धमनीला शोभणारी ० ते १८० ची पट्टी तिलाही लावली, तर ती पडद्यावरील आपल्या जागेच्या जेमतेम बाराव्या भागात दबते. ० ते ४० च्या पट्टीवर तीच लहर एक तृतीयांशाहून अधिक जागा व्यापते आणि झडप मिटतानाची खाच स्पष्ट दिसते. नळीचे टोक पुढे सरकून धमनीत अडकले, की ही खाच नाहीशी होते. आधीच सपाट दिसणाऱ्या रेघेत हा बदल कुणाच्या लक्षात येणार? तो वेळीच न कळल्यास फुप्फुसाचा तेवढा भाग रक्ताविना मृत होऊ शकतो. त्यातच फुगा फुगवला, तर धमनी फाटण्याचा धोका असतो.

पट्टी आपोआप बदलण्याची सोय हा यावरचा उपाय नव्हे. पट्टीच बदलत राहिली, तर सकाळची आणि संध्याकाळची लहर नजरेने ताडून पाहता येत नाही.

शेजारचा ठळक आकडाही निर्दोष नसतो. तो अनेक श्वासांची सरासरी असू शकतो. खरे वाचन उच्छ्वासाच्या अखेरीस, लहरीवरूनच करावे लागते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील ४९६ डॉक्टरांच्या चाचणीत ४७ टक्क्यांना स्पष्ट आलेखावरूनही वेज दाब अचूक काढता आला नव्हता. आलेख स्पष्ट असताना ही स्थिती, तर दबलेल्या लहरीची काय कथा! या एका आकड्यावर रुग्णाला सलाइन वाढवायचे की लघवीचे औषध द्यायचे, हे ठरू शकते.

म्हणूनच भारतातील वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थ्यांना दाबांचे सामान्य आकडे पाठ असणे पुरेसे नाही. प्रत्येक पाळी बदलताना ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर आहे का, शून्य लावले आहे का, पट्टी आणि लहरीचा वेग योग्य आहे का, हे तपासण्याची सवय त्यांच्या अंगी बाणवायला हवी. ट्रान्सड्यूसर १० सेंटिमीटर खाली राहिला, तरी दाब सुमारे ७ मिमीने वाढलेला दिसतो. या तपासणीला नवे यंत्र लागत नाही, की वेगळा निधी. लागते ती मिनिटभराची शिस्त.