पहिल्या वर्षाचे रसायन पुन्हा?

गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपून आम्ही परळच्या आमच्या विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तर एक बाप आपल्या लेकीला घेऊन वाट पाहत उभा. मुलगी साताऱ्याला आजीपाशी राहून शिकत होती. बी.एस्सी.चे पहिले वर्ष तिथेच पास झाली. आजी वारली म्हणून तिला मुंबईला आणली. इथल्या कॉलेजने दुसऱ्या वर्षाला प्रवेश दिला, पण रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षाचा विषय हवा तर पुन्हा घे, सक्ती नाही." सक्ती नाही म्हटले की माणसाची खरी पंचाईत होते.

"भाऊ, पास झालेल्या पोरीला पुन्हा खाली बसवू? लोक म्हणतील नापास झाली."

आम्ही पडलो बी.कॉम. क्रेडिट म्हटले की आम्हाला खातेवहीची उजवी बाजू आठवते. पण आता कॉलेजातही तीच भाषा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली शैक्षणिक क्रेडिट बँकेचे नियम केले. शिकवण्याचे १५ तास झाले की एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला त्यासाठी ३० तास. ही जमा सात वर्षांपर्यंत टिकते, आणि नव्या ठिकाणी मान्य झाली की कॉलेज बदलले तरी कामी येते. म्हणजे साताऱ्याची कमाई बुडाली नव्हती. मात्र खात्यात क्रेडिट असणे वेगळे आणि हातात ब्युरेट धरता येणे वेगळे.

हाफकिनच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक काका आमच्या वस्तीत राहतात. पोरीला त्यांच्याकडे नेले. काकांनी चहाही होऊ दिला नाही. "लिटरभर द्रावणात ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा म्हणजे एक मोलार. मग ०.१ मोलारचे २५० मि.लि. करायला किती घेशील?"

"चार," ती म्हणाली. मग थांबली. "नाही, एक ग्रॅम."

"बरोबर. आणि टायट्रेशन किती वेळा केलंस?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "चौघींत एक ब्युरेट होतं, काका. मी आकडे लिहायचे."

वाचकहो, हे ऐकून आम्हाला आमचीच अकरावी आठवली. आम्हीही सायन्सलाच होतो. घर बदलले, वर्षाच्या मध्यात कॉलेज बदलले. मागचे काय राहिले ते विचारायची लाज वाटली. बारावीत ते सगळे अंगावर आले आणि आम्ही कॉमर्सची वाट धरली. कारकुनीने घर चालवले, तिची तक्रार नाही. पण ती लाज महाग पडली.

लोकांचे म्हणाल तर बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबियाची एम.ए. मिळवली होती. तरी लंडनला जाऊन त्यांनी पुन्हा एम.एस्सी.साठी नाव घातले. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले, १९२० साली पुन्हा गेले, १९२१ साली ती पदवी घेतली आणि १९२३ साली डी.एस्सी. हे त्या बापाला सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

तरीही विषय पुन्हा घ्यावा असे आमचे मत पडले नाही. मोलचे गणितच आले नसते, तर घे म्हटले असते. इथे डोके तयार होते, हात तयार नव्हते. त्यासाठी पुन्हा फी आणि परीक्षा कशाला? बाईंची परवानगी घेऊन पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला नुसते उभे राहावे, असे ठरले. बापाला एक काम वेगळे सांगितले. महाडीबीटीच्या अर्जात नव्या कॉलेजचे नाव लागले की नाही ते आधी पाहा, नाही तर शिष्यवृत्तीपायी हेलपाटे होतील.

बाईंनी परवानगी दिली. पहिल्या गुरुवारी फ्लास्कमधले पाणी गडद गुलाबी झाले, म्हणजे थेंब जास्त पडले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी फिका गुलाबी रंग आला आणि टिकला. तिने येऊन सांगितले, तेव्हा काकांनी एवढेच विचारले, "रीडिंग किती आलं?"