साडेबारा टक्क्यांचा वकील

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे थाटात उद्घाटन झाले, तेव्हाही त्या नावावर केंद्राची मोहोर उमटलेली नव्हती. जून २०२१ मध्ये याच नावासाठी भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोवर धडक दिली. या सगळ्या गदारोळात दिबा म्हणजे निव्वळ एक फलक होऊन बसले आहेत, आणि सर्वपक्षीय पुढाऱ्यांना तेच सोयीचे आहे.

उरण तालुक्यातील जासईत १९२६ साली जन्म, वकिली पनवेलला, पक्ष शेकाप. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. पण त्यांच्यातला आमदार आणि वकील वेगळा काढता येत नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधील ९५ गावांची भातशेती, मिठागरे संपादनात गेली. सरकारी हिशेब सरळ होता: पैसे घ्या, सातबारा विसरा. दिबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. जमीन शेती म्हणून घ्यायची आणि भूखंड म्हणून विकायची, तर मधल्या वाढाव्यात मूळ मालकाचा वाटा कुठे? भाव वाढवून मागणारे पुढारी पुष्कळ असतात. विकसित जमिनीतच हिस्सा मागायला वकिलाचे डोके लागते.

त्या मागणीची किंमत रक्तात मोजली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या लढ्यातून. तीही पूर्ण पदरात पडली नाहीच. सामाजिक सुविधांच्या नावाखाली तीस टक्के कपात झाली, की हाती पावणेनऊ टक्के उरतात. म्हणजे एकराच्या चाळीस गुंठ्यांमागे साडेतीन गुंठे! तरीही त्या साडेतीन गुंठ्यांवर आगरी-कोळी-कराडी कुटुंबांच्या एका पिढीने इमारती उभ्या केल्या. (काहींनी बिल्डरला स्वस्तात देऊन टाकले, ती कथा वेगळी.) २४ जून २०१३ रोजी दिबा गेले. त्यानंतर विमानतळग्रस्तांना साडेबावीस टक्के मिळाले, तेही त्यांनीच पाडलेल्या वाटेने. ज्या धावपट्टीला त्यांचे नाव द्यायचे की नाही यावर खल चालला, तिच्याखालची जमीनच त्यांच्या सूत्राने मिळाली आहे.

नाव द्यायलाच हवे, त्यात दुमत नाही. पण नाव दिल्याने घरांचा प्रश्न सुटत नाही: मूळ गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही म्हणून लोकांनी गरजेपोटी घरे बांधली आणि ती वर्षानुवर्षे ‘अनधिकृत’ ठरत आली. शासन निर्णय निघाले, निवडणुकीच्या तोंडावर भाषणेही झाली. दिबांच्या अशिलांचा हा खटला अजून निकाली निघालेला नाही. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न लावून धरावा: गरजेपोटीच्या किती घरांची मिळकत पत्रिका मालकाच्या हाती पडली? आकडा गावनिहाय द्या.