शेतीशाळेबरोबर सातबाराही हवा

माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने 15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. 1980च्या सुमारास या जंगलात शिरलेली सशस्त्र चळवळ आता संपत आली, असे तेव्हापासून म्हटले जाते, आणि जिल्ह्याच्या भवितव्याची चर्चाही जोरात आहे. त्या चर्चेत सूरजागडचे लोहखनिज आहे, कोनसरीचा पोलाद प्रकल्प आहे, रस्ते आणि मोबाइलचे मनोरे आहेत. धानाचे नाव मात्र क्वचित निघते, आणि धान रोवणाऱ्या बाईचे तर निघतच नाही. 2011च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात पावणेअकरा लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांत जवळपास 39 टक्के आदिवासी आहेत. खरिपाचे धान आणि जंगलातला मोह-तेंदू यांवरच इथल्या बहुतेक घरांचे वर्ष निघते. इथली गरिबी हटवायची तर बायांच्या शेतीशिक्षणापासून सुरुवात करावी लागेल. मात्र जमिनीच्या कागदावर बाईचे नाव नसेल, तर त्या शिक्षणाचे फळ तिच्या हाती लागणार नाही. या दोन गोष्टी एकत्र द्याव्या लागतील.

संघर्षाने शेतीचे काय केले, हे आधी पाहायला हवे. बंदुकीने जीव घेतले, तसाच गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंधही तोडला. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत कृषी सहायक मुक्कामाला राहीना आणि बँक पोहोचेना. कुणी खबऱ्या ठरवून मारला गेला, कुणी माओवाद्यांच्या दलमात गेला, कुणी तुरुंगात, कुणी मजुरीसाठी परमुलखात. मागे राहिलेल्या बाईने धानाची बांधी पडीक टाकली नाही. पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंतचा भार तिने उचलला. निर्णय तिचे झाले, पण ते घ्यायला लागणारी माहिती, कर्ज आणि बाजार तिच्यापर्यंत आलेच नाहीत. उत्पन्न खुंटले ते यामुळे. कष्टात ती कधीच कमी पडली नव्हती.

ही माहिती म्हणजे काही फार मोठे शास्त्र नव्हे. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचे बियाणे ओतले की पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे, तळाचे भारी बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे आणि मग पेरायचे. खर्च मूठभर मिठाचा, पण पऱ्हे एकसारखे आणि जोमदार येतात. गादमाशीचेही तसेच. तिची अळी फुटव्याच्या गाभ्यात शिरली की पानाऐवजी चंदेरी नळी बाहेर येते आणि त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. नळी दिसल्यावर फवारणी केली तरी तो फुटवा हातचा गेलेलाच असतो. म्हणून रोवणी वेळेवर करणे, धुऱ्यावरचे गवत काढणे आणि गादमाशीवर जगणाऱ्या बारीक परोपजीवी कीटकांना औषधाने न मारणे, यांतच शहाणपण आहे. कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेला डबा किती वेळा वाया गेला, हे ज्या बाईला बांधीत उभे राहून कळते, तिच्या घरचे कर्ज तिथेच कमी होऊ लागते.

असे शिकवण्याची रीतही जगाला नवी नाही. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भातशेती उद्ध्वस्त केल्यानंतर 1989 मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला शेतात जमतो, किडी आणि मित्रकीटक मोजतो, पाहिलेले कागदावर चितारतो आणि काय करायचे ते आपसात बोलून ठरवतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही यात मागे राहावे लागत नाही. केनिया, टांझानिया आणि युगांडातील शेतीशाळांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहभागी शेतकऱ्यांचे उत्पादन आणि उत्पन्न वाढले, आणि विशेष लाभ झाला तो बायकांना व कमी शिकलेल्यांना. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2011 च्या अहवालात अंदाज मांडला होता की विकसनशील देशांत शेतीची साधने बायकांना पुरुषांइतकी मिळाली, तर त्यांच्या शेतातले उत्पादन 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकते. हा अंदाज सगळ्या साधनांचा आहे. त्यांत ज्ञान आले, तशीच जमीन आली आणि कर्जही आले.

खरी अडचण इथेच आहे. शेतीशाळेत शिकलेल्या बाईच्या नावाने सातबारा नसेल, तर बँक तिला पीककर्ज देत नाही, आधारभूत खरेदी केंद्रावर धानाची नोंदणी तिच्या नावाने होत नाही, बोनसही तिच्या खात्यात येत नाही. पिकवायचे तिने आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, अशा व्यवस्थेत शिक्षणाने ती फार तर जास्त कसबी मजूर होईल. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे मुलींना समान वाटा देणारी 2005 ची दुरुस्तीही आदिवासी लेकीपर्यंत पोहोचली नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, ही दिलासा देणारी गोष्ट. पण कोर्टापर्यंत जाणे किती जणींना जमेल? त्याहून जवळची वाट वनहक्क कायद्यात आहे. 2006 च्या या कायद्यानुसार विवाहितांना मिळणारा वैयक्तिक वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. सातबारावर पत्नीचे नाव लावण्यासाठी राज्याची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. म्हणजे नवा कायदा करण्याची गरज नाही, आहे तो गावापर्यंत न्यायचा आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या आदिवासी बाईला शेती शिकवणारे आपण कोण? आक्षेप रास्त आहे, आणि वरून खाली होणाऱ्या भाषणबाज प्रशिक्षणांना तो नेमका लागू पडतो. पण शेतीशाळेची सुरुवातच तिच्या जाणकारीपासून होते. तिच्याकडे नाही ती नव्या किडींची, हमीभावाची आणि खरेदीच्या कागदपत्रांची माहिती, आणि ती तिच्यापासून रोखून धरणे म्हणजे परंपरेचा आदर नव्हे. दुसरा आक्षेप असा, की शेती तोट्याची आहे, मग बायांना तिच्यात कशाला अडकवायचे, कारखान्यात रोजगार द्या. तो जरूर द्यावा. पण पन्नाशीतली, शाळा न पाहिलेली बाई कारखान्याच्या भरतीत कुठे बसते? तिच्या एकपिकी बांधीत धान कापण्याआधी ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकता येतो, परसात कोंबड्या वाढवता येतात आणि ती रात्री स्वतःच्या घरी असते. तिसरा आक्षेप तिच्या वेळेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. रोवणीच्या धामधुमीत तिला तालुक्याच्या सभागृहात बसवणे हा अन्यायच आहे. म्हणून शाळा गावात, बांधीवर, तिच्या सोयीच्या वेळी भरावी आणि बुडालेली मजुरी तिला मिळावी.

शिकवणारे कोण, हेही महत्त्वाचे आहे. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ने दुर्गम भागात शेतीची प्रशिक्षणे नेली, दुसरे कुणी जात नव्हते तेव्हा ते उपयोगी पडले. पण ज्या मुलखात पोलीस ठाण्याची पायरी चढणेही जिवावर बेतत होते, तिथे शांततेच्या काळात हे काम गावाच्याच हाती जायला हवे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कृषी सखी गावातल्याच आहेत, माडिया आणि गोंडी बोलतात. त्यांना सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ आणि नियमित मानधन मिळाले, तर गावोगाव शेतीशाळा उभ्या राहतील. गावाने शिकून, एकत्र येऊन हिशेब राखला की काय होते, हे मेंढा-लेखाने आधीच दाखवले आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून या गावाने पुढे आपला बांबू स्वतः विकला.

या खरिपाच्या आत सरकारने दोन गोष्टी कराव्यात. दुर्गम तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामसभेत बायांची शेतीशाळा सुरू करावी, आणि त्याच ग्रामसभेत महसूल खात्याने शिबिर लावून वनहक्काच्या पट्ट्यावर व सातबारावर त्यांची नावे चढवावीत. बंदूक खाली ठेवणाऱ्यांसाठी पुनर्वसनाचे धोरण आहे. जिने ती कधी उचललीच नाही आणि चाळीस वर्षे घर जगवले, तिच्यासाठीही आता एक धोरण झाले पाहिजे.